उपरे कोणाला म्हणता?

आमच्या धर्मग्रामांतून अलीकडे एक कुरकुर वारंवार कानी पडते. रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या आवारात, धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत, कधी एखाद्या लग्नाच्या मांडवात ती ऐकू येते: "फादर, बाहेरचे लोक फार झाले." बाहेरचे म्हणजे कोण, असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात. कोणाच्या डोळ्यांपुढे छोटानागपूरकडून घरकामाला आलेल्या व मंदिरात मागच्या बाकाच्याही मागे उभ्या राहणाऱ्या आदिवासी मुली असतात, कोणाच्या डोळ्यांपुढे बिहार-बंगालचे गवंडी असतात, तर कोणाच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातून बिऱ्हाड पाठीवर टाकून आलेली बिगारी जोडपी. आणि अशा लोकांची कागदपत्रे भरून देण्यासाठी एखाद्या सेवाभावी संस्थेने रविवारी दोन तास धर्मग्रामाचा हॉल मागितला, की ही कुरकुर एकदम ठरावाचे रूप घेते. हॉल आपल्या माणसांसाठी आहे. दानधर्म करावा, पण हक्कांच्या भानगडीत पडू नये. आपण मूठभर, आपण कशाला कोणाच्या डोळ्यांवर यावे? या तिन्ही आक्षेपांना उत्तर देणे आम्हांला भाग आहे. ते उत्तर कडू लागले तरी वाचकांनी ते पूर्ण वाचावे, एवढीच विनंती.

पहिला आक्षेप, 'आपली माणसे' आणि 'बाहेरची माणसे' हा. पुण्याच्या ख्रिस्तसभेच्या तोंडी तो शोभतो काय? या शहरात आपला आरंभच मुळी परक्यांनी केला. पेशव्यांच्या फौजेत चाकरीला आलेल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ साली, नाना पेठेच्या बाजूला जागा मिळाली आणि सिटी चर्च उभे राहिले. ज्या राजवटीचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, तिने उपऱ्या सैनिकांना उपासनेसाठी जमीन दिली. आणि आज त्याच परंपरेचे वारस दोन तासांसाठी हॉल देताना किल्ली शोधत बसतात! पुढे छावणीतल्या आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक मंदिर झाले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याची धुरा वाहणारे येशूसंघीय जर्मनीहून आलेले होते. गोव्याचे कोकणीभाषक आले, तमिळ आले, केरळचे आले. आणि आम्ही मराठी कॅथलिक? आमच्यापैकी किती घराण्यांची मुळे पुण्यात आहेत? १८७८ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी मिशनकार्य सुरू झाले. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यांतल्या खेड्यांतून आमचे पूर्वज ख्रिस्ताकडे आले. त्यांची लेकरे पुण्याला आली ती सहलीसाठी नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी आटल्या, गुरे गेली, खडी फोडून पोट भरेना, तेव्हा येरवडा, खडकी, वडगाव शेरी, पिंपरी-चिंचवड या भागांत पत्र्याची खोली शोधत ती आली. तेव्हाही कोणीतरी म्हणालेच असेल, की हे नगरकडचे लोक फार झाले.

इतकेच नव्हे. मंदिरात परके वाटणे म्हणजे काय, हे मराठी कॅथलिकांनी स्वतः भोगले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेची दारे उघडल्यानंतरही शहरातल्या कित्येक ठिकाणी मराठी मिस्सेला आडवेळ मिळे, गायकवृंदाला पेटी मिळत नसे आणि परिषदेत मराठीतून बोलणाऱ्याकडे लोक कौतुकापेक्षा कीवेनेच पाहत. त्या दिवसांची आठवण ज्यांना आहे त्यांनी, कोणी हिंदीत अथवा सादरीत महिन्यातून एक मिस्सा मागितली, तर तीच कीव आपल्या नजरेत उतरू द्यावी काय? आपली मराठी मिस्सा बुडेल ही भीती आम्ही समजू शकतो. मराठीचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु मराठी मिस्सा ओस पडते ती झारखंडच्या मुलीमुळे नव्हे. आपलीच मुले इंग्रजी मिस्सेला जातात म्हणून. हा घरचा हिशेब पाहुण्याच्या नावे मांडू नये.

'बाहेरचे' या शब्दाचा आणखी एक पोकळपणा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. आणि त्यांतला फार मोठा भाग लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा आहे. म्हणजे आपली आई, आपली सून, सरकारी व्याख्येने स्थलांतरितच. २३ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला आणि तिघांचा जीव गेला. त्यांत दोन तान्ही बालके होती. ही कुटुंबे कामाच्या शोधात अमरावतीहून आली होती. मराठी बोलणारी, याच राज्यातली. या शहराने त्यांना छप्पर दिले नाही. भाषेने आणि प्रांताने त्यांना वाचवले नाही. तेव्हा प्रश्न परप्रांताचा नाही, गरिबीचा आहे. पैसेवाला परप्रांतीय आपल्या इमारतीत शेजारी म्हणून आला की आपण त्याच्या घरी केक पाठवतो. त्याच गावचा गवंडी आला की तो 'बाहेरचा' ठरतो.

आणि परकेपणाची ही भावना कुरकुरीवर थांबत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये याच पुण्यात ईशान्य भारतातल्या मुलांना मारहाण झाली, अफवा उठल्या आणि शेकडो विद्यार्थी व कामगार मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे पळाले. त्यांत ख्रिस्ती मुलेही होती. त्या आठवड्यात किती धर्मग्रामांची दारे त्यांच्यासाठी रात्रभर उघडी होती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा व कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. तो धर्मग्राम परिषदेच्या परवानगीने मिळालेला नाही.

आता दुसरा आक्षेप. दानधर्म करावा, हक्कांच्या भानगडीत पडू नये. हा आक्षेप घेणारी माणसे वाईट नसतात. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत तीच माणसे मनापासून पैसे टाकतात. परंतु त्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा एकदा उघडावा. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. त्या भाषेने परक्या होत्या. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी त्यांना जास्तीची भाकर देऊन वाटेला लावले नाही. त्यांनी व्यवस्था बदलली: सात जण निवडले, त्यांना अधिकार दिला, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती पंक्तीची सूत्रे आली. ख्रिस्तसभेतली दीक्षितपदाची परंपरा आपण येथून मोजतो, म्हणजे तिच्या मुळाशी एका वंचित गटाचा हक्क आहे. याला कोणी भानगड म्हणत असेल, तर ती प्रेषितांनी केलेली भानगड आहे.

भीक आणि हक्क यांत फरक काय, हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच शहरातली उदाहरणे पाहा. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बायांना पुणेकर पूर्वी चोर म्हणत, पोलीस हटकत, भंगारवाला वजनात मारी. त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्या; कित्येकींची कुटुंबे दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेली. त्यांना जुन्या साड्या वाटणारे दाते तेव्हाही होते. परंतु एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर हिंडल्या, डॉ. बाबा आढावांसारख्या कष्टकऱ्यांच्या नेत्याचे पाठबळ मिळाले आणि १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या बायांनी साडी मागितली नाही. त्यांनी ओळखपत्र मागितले. त्याच दशकात पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढे वैद्यकीय विमा आला आणि २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेने दारोदारचा कचरा गोळा करण्याचा करार केला. साडी वर्षभरात फाटते. ओळखपत्र खिशात असले की पोलिसाचा आवाज खाली येतो.

बांधकामावरच्या मुलांचे पाहा. आईबाप स्लॅबवर, मूल वाळूच्या ढिगावर, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मोबाइल क्रेशेस या संस्थेने दिल्लीत १९६९ साली बांधकामावर पाळणाघर सुरू केले. तेच काम पुण्यात आज तारा मोबाइल क्रेशेस चालवते. डोअर स्टेप स्कूलने मजुरांच्या वस्तीत वर्ग भरवले, चाकांवरची शाळा नेली. या संस्था केवळ फळा आणि खडू देऊन थांबल्या असत्या, तर ती चांगली सेवा झाली असती, एवढेच. परंतु २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असे ठरवले. त्या कायद्याचे कलम हातात घेऊन मुख्याध्यापकाच्या टेबलापुढे मजुराच्या वतीने उभे राहणे, हे खरे काम. आमच्या ख्रिस्ती शाळांच्या चालकांनीही हे वाक्य दोनदा वाचावे.

बांधकाम मजुरांच्या नावाने जमा होणाऱ्या पैशाची कथा तर अधिक बोलकी आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. तो मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जातो. आपल्या नव्या सदनिकेच्या किमतीतही तो एक टक्का आहे. मात्र लाभ मिळण्यासाठी मजुराची नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. तीन महिन्यांत तीन ठेकेदार बदलणाऱ्या माणसाला तो कोण देणार? परिणाम असा, की पैसा साचत गेला आणि मजूर उपाशी राहिला. बांधकाम मजुरांच्या कायद्यासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय मोहीम समितीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लावून धरला. मार्च २०१८ च्या निकालात जे आकडे नोंदले गेले ते असे: देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. उरलेले पैसे कोणाचे? पुढच्याच वर्षी, २९ जून २०१९ च्या पहाटे, कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जण ठार झाले. बहुतेक बिहारचे होते. मृतांत मुले होती. चारच दिवसांत आंबेगावला दुसरी भिंत पडली आणि आणखी सहा जण गेले. आपण मेणबत्त्या लावल्या. मेणबत्ती लावणे चुकीचे नाही. परंतु मजुराची झोपडी भिंतीच्या पायथ्याशी का होती, हे विचारायला मेणबत्तीच्या पुढे एक पाऊल जावे लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हाच धडा देशाने मोठ्या अक्षरांत वाचला. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेली ती मध्य प्रदेशातली माणसे होती. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामांनी पुष्कळ अन्न वाटले, त्याबद्दल आम्ही परमेश्वराचे आभार मानतो. पण गावाकडची शिधापत्रिका पुण्यातल्या दुकानात चालत असती, तर किती जणांना आपल्या रांगेत उभे राहावे लागले असते? सर्वोच्च न्यायालयात कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न मांडला. २९ जून २०२१ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना ३१ जुलैपर्यंत 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना अमलात आणण्यास फर्मावले. आज कटिहारची शिधापत्रिका कोंढव्यात चालू शकते. आमच्या सगळ्या खिचडीच्या पातेल्यांनी मिळून जे साधले नसते, ते एका अर्जाने साधले.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. आपण मूठभर. सेवाकार्यावर धर्मांतराचा आरोप होतो, परदेशी देणग्यांचे नियम २०२० पासून अधिक कडक झाले, संस्थांचे परवाने जातात. अशा वेळी मान खाली घालून प्रार्थना करावी, असे पुष्कळांना वाटते. परंतु विचार करा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले, त्याविरुद्ध आपण आजवर मोर्चे काढत आलो. धर्म बदलला म्हणून माणसाचे दारिद्र्य बदलत नाही, हे आपले म्हणणे. मग जिल्हा बदलला म्हणून माणसाचा हक्क बदलत नाही, हे म्हणताना आपली जीभ का अडखळते? सरकारपुढे एक माप आणि मजुरापुढे दुसरे, हे चालणार नाही. शिवाय अल्पसंख्याकांचे खरे संरक्षण गप्प बसण्यात नसते. ज्या कायद्याने दुर्बल माणूस वाचतो त्याच कायद्याने आपणही वाचतो. तो कायदा दुसऱ्यासाठी निकामी होऊ दिला, तर आपल्या वेळी तो धावून येणार नाही.

आणि ख्रिस्तसभेने याबाबत मौन पाळा असे कधी सांगितले? बाराव्या पायस पोपमहोदयांनी १९५२ साली 'एक्सुल फामिलिया' या पत्रात इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श ठरवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरितांबाबत चार क्रियापदे दिली: स्वागत करा, जपा, वाढवा, सामावून घ्या. आपण पहिल्यावरच थांबतो, आणि तेही नाताळपुरते. सि. जीन डेव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ पासून घरकामगार स्त्रियांची राष्ट्रीय चळवळ बांधली. त्या स्वतः परदेशातून आलेल्या, आणि त्यांनी आपल्याच देशातल्या मुलींना 'नोकर' या शब्दातून बाहेर काढून 'कामगार' म्हणायला आपल्याला शिकवले. पुण्यातल्या मोलकरणींनी तर १९८० सालीच संप करून आपली संघटना उभारली होती. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो अशा अनेकींच्या पायपिटीतून. परंतु कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. आपल्या घरात काम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी आहे काय? आजारपणाचा पगार कापला जातो काय? तिचा कप वेगळा आहे काय? याकोबाच्या पत्रातला अडवलेल्या मजुरीचा आक्रोश आपण वेदीवरून मोठ्याने वाचतो. तो आपल्या स्वयंपाकघरातूनही येत असेल, तर परमेश्वर काय ऐकत असेल?

याचा अर्थ संस्था म्हणवणाऱ्या सर्वांची आम्ही आरती ओवाळतो असे नव्हे. फलक लावून, फोटो काढून, दिवाळीत फराळ वाटून निघून जाणाऱ्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. निधी संपला की त्यांचा कळवळाही संपतो. मजुराला व्यासपीठावर बसवतात, पण कार्यकारिणीत बसवत नाहीत. संस्था खरी की खोटी हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे: तिच्या कामाने मजूर स्वतः बोलू लागला, की तिच्यावाचून बोलेनासा झाला? पहिली संस्था असेल तर तिला हॉल द्या. दुसरी असेल तर नम्रपणे दार दाखवा. परंतु खोट्या नाण्यांचे निमित्त करून खरी नाणीही नाकारणे, ही चलाखी आहे.

सध्या तर हे काम अधिक निकडीचे झाले आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पाच मजूर असलेल्या ठिकाणीही लागू होई. आता त्याच्या जागी आलेली संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यातल्या स्थलांतरितांसंबंधीच्या तरतुदी दहा किंवा अधिक अशा मजुरांच्या आस्थापनांनाच लागू आहेत. जुना विस्थापन भत्ता तिच्यात नाही. स्वतःहून आलेल्या मजुराला तिने व्याख्येत घेतले, हे चांगले केले. परंतु नव्या नियमांत कोणाला काय मिळते, हे नऊ जणांच्या टोळीतल्या मजुराला कोण समजावून सांगणार? जुना कायदा चाळीस वर्षांहून अधिक काळ कागदावर होता आणि बहुतेक मजुरांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. नव्याचे तसे होऊ नये.

म्हणून आमच्या धर्मग्रामांपुढे आम्ही काही मागण्या ठेवतो; विनंत्या नव्हेत. दर महिन्याच्या एका रविवारी हॉल या कामासाठी राखून ठेवावा आणि शिधापत्रिका, मजूर नोंदणी, मुलांचे शाळाप्रवेश यांची माहिती देणाऱ्या संस्थांना बोलवावे. येणाऱ्याचा धर्म विचारू नये. आपल्यातले निवृत्त कारकून, शिक्षक, वकील यांनी त्या दिवशी दोन तास अर्ज भरून द्यावेत. आपल्यातल्या ठेकेदारांनी व बांधकाम व्यावसायिकांनी नव्वद दिवसांचा दाखला टाळाटाळ न करता द्यावा. मंदिराच्या वा शाळेच्या इमारतीचे काम ज्याला द्यायचे त्याला ही अट लेखी घालावी. घरकामगारांचा पगार, सुटी आणि मान यांचा हिशेब प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी करण्याच्या आत्मपरीक्षणात धरावा. आणि मागच्या बाकाच्या मागे उभ्या असणाऱ्यांपैकी निदान दोघांना धर्मग्राम परिषदेत जागा द्यावी. सल्ल्यापुरती नव्हे, मतासह.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले मजूर संध्याकाळच्या अकराव्या तासापर्यंत बाजारात उभे होते. का उभे, असे धन्याने विचारले तेव्हा ते आळशी निघाले नाहीत. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. आमच्या शहरातल्या मजूर अड्ड्यांवर रोज सकाळी थापी आणि डबा घेऊन तीच माणसे उभी असतात. धन्याने त्यांना पूर्ण दिवसाचा रोजगार दिला तेव्हा कुरकुरले कोण? जे पहाटे आले होते ते. आपण पुण्यात जरा पहाटे आलो, एवढाच आपला मोठेपणा. मळा आपला नाही.